पितळेचा खिळा

औलिस : दार लाव आधी. कडी पण घाल.

केर्त्तू : औलिसकाका, हे बंदुकांचं दुकान आहे. कडी घातली तर गिऱ्हाइकं काय खिडकीतून येणार?

औलिस : आज कुणी यायचंय का?

केर्त्तू : सप्टेंबर चालू आहे. मूस हरणांची शिकार तोंडावर आली की अख्ख्या गावाला आठवतं, आपली बंदूक वर्षभर कपाटात पडून होती. द्या इकडे. बोल्ट उघडलाय ना?

औलिस : तुझ्या जन्माआधीपासून बंदूक हाताळतोय मी. उघडलाय. आत काडतूस नाही.

केर्त्तू : ते मी माझ्या डोळ्यांनी बघते, रागावू नका. हं. रिकामी आहे. बसा तिथे. कॉफी किटलीत आहे.

औलिस : बसत नाही. आणि हे बघ, हे आपल्या दोघांत राहिलं पाहिजे. रेयोच्या कानावर जाता कामा नये.

केर्त्तू : रेयोच्या? तुमच्या मेव्हण्याच्या?

औलिस : दर शनिवारी हॉलवर तू त्याच्याबरोबर टँगो नाचतेस, म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

केर्त्तू : तो नाचत नाही, माझे पाय तुडवतो. बंदुकीला काय झालंय ते सांगा.

औलिस : कुणीतरी हात घातलाय तिच्यात.

केर्त्तू : ते नंतर ठरवू. गोळी कुठे जाते?

औलिस : तीच तर गंमत आहे! घरामागच्या रेतीच्या खाणीत मारतो तेव्हा बरोबर मध्यावर. एकदा नाही, रोज. आणि रविवारी चाचणीच्या मैदानात तीच बंदूक, तीच काडतुसं, हाच डोळा. एक गोळी वर, एक त्याहून वर, आणि एक तर फळी सोडून रानात. कालेर्वो वही घेऊन उभा. शिकारटोळीचा म्होरक्या ना तो, मला म्हणतो, ‘औलिस, वयाचं काही मनावर घेऊ नकोस.’ वयाचं!

केर्त्तू : ऐकलं मी.

औलिस : कुणाकडून?

केर्त्तू : कालेर्वोच्या बायकोकडून. दूध घ्यायला गेले होते तेव्हा.

औलिस : म्हणजे गावभर झालंय.

केर्त्तू : गाव केवढं आहे, काका.

औलिस : परवा शनिवारी शेवटची चाचणी. त्यात नापास झालो की यंदा बंदूक घेऊन रानात जायचं नाही. टोळीच्या खोपटात चुलीपाशी बसायचं आणि बाकीच्यांसाठी सूप ढवळायचं. वेइक्को बसला होता ना एक वर्ष? दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. आणि रानात दबा धरून बसायची माझी अस्वलखडकाची जागा कुणाला जाणार, माहीत आहे?

केर्त्तू : तुमच्या शेजारच्या जागेवर जो बसतो त्याला. तसा रिवाज आहे टोळीचा.

औलिस : आणि शेजारच्या जागेवर कोण बसतो?

केर्त्तू : रेयो.

औलिस : आता कळलं, कडी का घाल म्हणालो?

केर्त्तू : नाही कळलं. दुर्बिणीचे स्क्रू बघते मी. ...घट्ट आहेत. दुर्बीण कुठे आपटली होती?

औलिस : माझ्याकडे कधीच नाही. त्याच्याकडची मला काय कल्पना.

केर्त्तू : त्याच्याकडे कशाला गेली होती?

औलिस : गेल्या हिवाळ्यात मी छपरावरचा बर्फ काढताना पडलो ना, डावा खांदा मोडला. जानेवारीत रेयो घरी आला, कॉफी प्यायला, पाव खाल्ला आणि म्हणाला, ‘तुझ्या बंदुकीच्या कपाटाचं कुलूप खराब झालंय, बरं होईपर्यंत बंदूक माझ्या कपाटात ठेवतो.’ एप्रिलमध्ये परत आणून दिली. एवढे महिने ती त्याच्याकडे. आता तूच सांग.

केर्त्तू : कुलूप खराब होतं?

औलिस : अजिबात नाही! त्याच दिवशी शंका आली होती मला.

केर्त्तू : मग दिलीत कशाला?

औलिस : ...तेव्हा नको होती ती डोळ्यांसमोर.

केर्त्तू : खांदा कसा आहे आता?

औलिस : खांदा उत्तम! त्याचं नावच काढू नकोस. दवाखान्यातल्या पोरीनं रबराची पट्टी दिली होती, दाराच्या मुठीला बांधून ओढायची. रोज ओढली. एल्मा हसायची मला, बायको असून. एप्रिलमध्ये बंदूक हातात घेतली, तर पिसासारखी. पूर्वीपेक्षा हलकी वाटते, खोटं नाही सांगत. तेव्हा खांद्याला दोष द्यायचा नाही. नळी बघ.

केर्त्तू : बघतेय. खिडकीकडून जरा बाजूला व्हा. ...आत स्वच्छ आहे. तोंडाशी कुठे खरचटलेलं नाही. नळीला काही झालेलं नाही.

औलिस : मग चापात असेल. चाणाक्ष माणूस चापातच काहीतरी करून ठेवेल.

केर्त्तू : चाप माझ्या बाबांनी लावला तसाच आहे. थांबा, चाचणीच्या दिवशी बंदूक कुठे कुठे होती?

औलिस : हे विचारलंस तू! बाहेर, बंदुका टेकवायच्या लाकडी घोडीवर उभी. आम्ही सगळे आत कॉफीला. सगळ्यांत शेवटी आत कोण आला?

केर्त्तू : रेयो.

औलिस : लघवीला गेलो होतो म्हणाला.

केर्त्तू : माणूस जातो हो लघवीला.

औलिस : तू त्याची बाजू घेतेयस.

केर्त्तू : मी बंदुकीची बाजू घेतेय. मैदानात गोळी कशी मारलीत? हातात धरून?

औलिस : छे, तिथे खांब असतो. सगळेच त्याला टेकवून मारतात. मोकळ्या हातानं मारून फुशारकी कोण मारणार?

केर्त्तू : आणि खाणीत?

औलिस : तिथे कुठला खांब? नुसत्या हातावर. म्हणून तर म्हणतो, तिथे बरोबर लागते, आणि मैदानात, चारचौघांत...

केर्त्तू : थांबा. बोलू नका जरा. हा कागदाचा कपटा बघा. नळी आणि दस्त्याचं लाकूड यांच्या फटीतून सरकवते. नळीनं लाकडाला शिवायचं नसतं, गोळी सुटताना ती मोकळी थरथरली पाहिजे. सरकला?

औलिस : सरकला. शेवटपर्यंत.

केर्त्तू : आता हा दस्ता ठोकळ्यावर टेकवते, खांबावर टेकवाल तसा. आणि वरून तुम्ही भार दिलात असं समजा. आता ओढा कागद.

औलिस : ...अडकलाय.

केर्त्तू : फाडू नका. अडकलाच पाहिजे. टेकवलं की लाकूड वाकतंय आणि नळीला खालून ढकलतंय. म्हणून गोळी वर. हातावर धरली की वाकत नाही, म्हणून खाणीत बरोबर.

औलिस : बर्चचा दस्ता वाकतो? तुझ्या बाबांनी घडवलेला? त्याचाच एकदा मी बर्फातून गाडी काढायला टेकू दिला होता!

केर्त्तू : हे बाबांना कधी सांगितलं नाहीत ते बरं. हा खाली पितळेचा बारका खिळा दिसतोय ना?

औलिस : तुझ्या बाबांची खूण. प्रत्येक बंदुकीला असायची.

केर्त्तू : खूण नव्हे, तोल. बंदूक पूर्ण झाली की एका बोटावर तोलायचे, आणि जिथे ती आडवी राहील तिथे खिळा ठोकायचे. बघा, खिळ्याखाली बोट धरते.

औलिस : मागे कलतेय. तुझं बोट हललं.

केर्त्तू : तुम्ही धरा.

औलिस : ...मागेच कलतेय.

केर्त्तू : म्हणजे पुढून वजन गेलंय.

औलिस : वजन कसं जाईल? वजन काय उंदीर खातात?

केर्त्तू : दस्त्याचे स्क्रू बघा, खाचेत चकाकतंय. कुणीतरी ते उघडलेत, अलीकडेच.

औलिस : बघ! बघ! मी काय म्हणत होतो! वेडा ठरवत होतं मला सगळं गाव! ही एल्मा सुद्धा! उघड तो. उघड आता.

केर्त्तू : उघडतेय. घाई करू नका, नळी उचलू द्या. ...काका, वास आला?

औलिस : कसला?

केर्त्तू : नाक पुढे आणा.

औलिस : पाइनचं डांबर.

केर्त्तू : स्कीच्या लाकडाला लावतात ते.

औलिस : गावात अजून लाकडी स्की कोण करतो? सांग, केर्त्तू! कोण करतो? त्याच्या सौनात, त्या वाफेच्या न्हाणीत शिरलं की डोळ्यांतून पाणी येतं त्या वासानं! बायकोच्या भावानं माझ्या बंदुकीचं पोट फाडलं, आतून पोखरलं, जागेसाठी! एका खडकासाठी! लहानपणी एका होडीत बसून मासे पकडले आम्ही...

केर्त्तू : आत बघा आधी.

औलिस : काय बघायचंय अजून?

केर्त्तू : पटाशीनं कोरलंय. फार हळू. दोन्ही बाजू सारख्या. मग बारीक कागदानं घासलंय, आणि ओल धरू नये म्हणून डांबर. बंदूक बिघडवायची असेल तर आतून एवढं गुळगुळीत करत बसेल का कोणी?

औलिस : तो सगळंच गुळगुळीत करतो. बोलतो सुद्धा गुळगुळीत.

केर्त्तू : रेयो? त्याच्या तोंडून वाक्य पुरं होत नाही.

औलिस : दार वाजतंय. उघडू नकोस.

केर्त्तू : कडी घातलेलीच नाही मी. ये, रेयो.

औलिस : तू फोन केलास त्याला!

केर्त्तू : मी कुणाला फोन केलेला नाही.

रेयो : नाही, ते... एल्मानं पाठवलं. सूप आहे. आज गुरुवार ना, गुरुवारी वाटाण्याचंच. म्हणाली, उपाशी राहील. गरम आहे अजून.

औलिस : मी इथे आहे हे एल्माला काय माहीत? मी तिला दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणालो होतो!

रेयो : ती म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे बंदूक घेऊन कोण जातं.

केर्त्तू : माफ करा काका, हसू आवरत नाही.

औलिस : कुणी हसायचं नाही. रेयो, त्या टेबलावर काय पडलंय?

रेयो : ...उघडलीत होय.

औलिस : हो, उघडली! आता सांग. केर्त्तूसमोर सांग. ती तुझ्या टँगोची जोडीदारीण असली तरी चालेल. हे कोणी कोरलं?

रेयो : मी.

औलिस : ऐकलंस? सरळ ‘मी’ म्हणतो! लाज नाही!

रेयो : बंदूक... बरोबर मारत नाही का?

औलिस : बरोबर मारत नाही का, म्हणे! रविवारी तू तिथेच होतास! माझ्या मागे उभा होतास, मान खाली घालून!

रेयो : मला वाटलं, तू घाबरलास म्हणून. चाचणीला. मला वाटलं नाही की लाकूड...

केर्त्तू : रेयो, डांबर लावून दस्ता कुठे वाळवलास?

रेयो : सौनात. आंघोळ झाल्यावर, दगड गरम असतात तोवर. भिंतीला टेकवून. स्की तशाच करतो मी. डांबर नीट मुरतं.

केर्त्तू : आणि स्की गरम झाली की काय होते?

रेयो : वाकवता येते.

केर्त्तू : स्कीला वाकायचंच असतं. दस्त्याला नाही. आधी तू त्याला पातळ केलंस, मग सौनात मऊ केलंस. आता खांबाला टेकवला की तो नळीला जाऊन भिडतो.

रेयो : देवा रे. म्हणजे रविवारचं... माझ्यामुळे.

औलिस : तुझ्यामुळे नाही तर काय चिमणीमुळे? पण का? मला एवढंच सांग. खडकासाठी?

रेयो : कुठल्या खडकासाठी?

औलिस : अस्वलखडकासाठी! माझ्या जागेसाठी!

रेयो : मला नकोय तो खडक. तू पडलास त्यानंतर शिकारीचे शेवटचे रविवार उरले होते, कालेर्वोनं मला तिथे बसवलं. तिथून समोर दलदलीपलीकडे माझी नेहमीची जागा दिसते. रिकामी. सकाळी जागेवर पोचलो की तू टोपी उचलतोस, मी उचलतो. त्या दिवशी मी उचलली. मग... म्हटलं, कुणाला उचलतोय. बेकार जागा आहे ती. वारा लागतो.

औलिस : वारा लागतो! माझी जागा बेकार म्हणतो! मग बंदूक का पोखरलीस?

रेयो : ते... सूप गार होईल.

औलिस : रेयो!

रेयो : एल्मानं सांगू नको म्हटलंय.

औलिस : एल्माचा काय संबंध?

रेयो : नाताळानंतर तू... स्वयंपाकघरात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरत होतास. रिकाम्या बंदुकीनं. ती भांडी विसळत होती.

औलिस : तिची पाठ होती माझ्याकडे.

रेयो : समोर खिडकी आहे ना. बाहेर अंधार असला की काचेत दिसतं सगळं. तू उचलायचास आणि ती खाली यायची. परत उचलायचास. डावा हात... राहायचाच नाही. मग तू ती कपाटात ठेवलीस आणि म्हणालास, हल्ली रानात मूस उरलेत कुठे, शिकारीत काही राम नाही.

औलिस : म्हणालो असेन.

रेयो : एल्मानं मला बोलावून घेतलं. रडत नव्हती. पण सारखी तेच टेबल पुसत होती. म्हणाली, काहीतरी कर. आता मी काय करणार? मला लाकूड येतं. पुढचा भार डाव्या हातावर येतो, म्हणून पुढून काढलं. थोडं थोडं. रोज उचलून बघायचो, डोळे मिटून. म्हटलं, औलिसला पेलेल का आता.

औलिस : मला विचारलं असतंस तर?

रेयो : तू नाही म्हणाला असतास.

औलिस : अर्थात नाही म्हणालो असतो!

रेयो : म्हणून.

केर्त्तू : कॉफी ओतू का?

औलिस : नको. ...म्हणजे ती पट्टी. दाराच्या मुठीची.

रेयो : पट्टीनंही फरक पडला असेल की. खांदाही सुधारलाच असेल. थोडा.

औलिस : गप. एप्रिलमध्ये तू बंदूक आणून दिलीस आणि गेलास, थांबलाच नाहीस. मी ती उचलली. कॅलेंडरवर धरली. आणि ती खाली आली नाही. मी मोठ्यानं ओरडलो, ‘एल्मा, हे बघ!’ ती आली, ॲप्रनला हात पुसत. म्हणाली, ‘बघा, मी हसत होते, पण पट्टीचा गुण आला.’ संध्याकाळी वेलदोड्याचे पाव भाजले तिनं. आणि मी खाल्ले ते. चांगलं लोणी लावून.

रेयो : मलाही पाठवले होते.

औलिस : तुलाही पाठवले होते! वा! सगळ्यांनी मिळून साजरं केलंत!

केर्त्तू : काका.

औलिस : तुलाही माहीत होतं?

केर्त्तू : नाही. मला विचारलं असतं तर मी सौनात ठेवू दिला नसता.

औलिस : तेवढं बरं. कुणीतरी एक माणूस या गावात असा आहे. ...दवाखान्यातल्या पोरीला मी पत्र लिहिलं होतं. आभाराचं. पट्टीबद्दल.

रेयो : औलिस, मी... मी नवीन दस्ता करून देतो. जुन्याइतका जड. माझ्याकडे बर्चचा सुकलेला ठोकळा आहे, बापाच्या वेळचा.

केर्त्तू : शनिवारपर्यंत नवा दस्ता होत नाही. ऐका दोघंही. दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे ही पोकळी लाकडाच्या भुशानं आणि डिंकानं भरून टाकते. दस्ता पुन्हा कडक होईल, वाकणार नाही. वजनही बरंचसं परत येईल. बंदूक पहिल्यासारखी.

औलिस : आणि दुसरी?

केर्त्तू : अजून थोडं खरवडते, कडेनं, म्हणजे नळीला लाकूड कुठेच लागणार नाही. आणि आत लांबीनं एक कडक कांडी चिकटवते, वाकू नये म्हणून. स्कीची काठी असते ना, ती काळी, पोकळ, हलकी...

रेयो : माझ्याकडे मोडकी पडलीय एक. गाडीत आहे. आणतो.

केर्त्तू : थांब. त्यांना ठरवू दे.

औलिस : म्हणजे हलकीच राहील.

केर्त्तू : हलकीच. आत्तापेक्षा थोडी अधिकच. रात्रीत डिंक धरेल. उद्या आपण तिघं खाणीत जाऊ, खांबाला टेकवून मारून बघू, दुर्बीण नव्यानं लावून घेऊ. परवा तुम्ही मोकळे.

औलिस : आणि भरून टाकलीस तर? जुनी बंदूक. परवा उचलायची. कालेर्वो वही घेऊन उभा.

केर्त्तू : ते तुमचं तुम्ही बघायचं.

औलिस : रेयो, ती नळी बाजूला कर. नुसता दस्ता दे माझ्याकडे. डाव्या हातात दे.

(रेयो दस्ता देतो. औलिस आतून बोट फिरवतो.)

रेयो : आत... कुठे कुसळ राहिलं असेल तर सांग. घासून काढतो.

औलिस : काही राहिलेलं नाही. आत कोण बोट घालणार होतं, एवढं घासायला?

रेयो : कोणी नाही.

औलिस : एल्माला घरी काय सांगणार आहेस तू?

रेयो : काय सांगू?

औलिस : सांग, दाताच्या डॉक्टरनं थोडं कोरलं, उद्यापर्यंत बरं वाटेल. आणि बाकी काही बोलायचं नाही. मी त्या पट्टीनं रोज व्यायाम करणार आहे, आणि ती रोज हसणार आहे, आणि तू गप्प बसणार आहेस.

रेयो : बसतो की. मला काय जमतं दुसरं.

औलिस : जा, काठी आण गाडीतून. आणि सुपाचा डबा उघड, एल्मानं दिले असतील ते दोन चमचे काढ. केर्त्तू, तुझ्याकडे तिसरा असेल.

केर्त्तू : मग खरवडू ना?

औलिस : खरवड.

केर्त्तू : पण तोल आणखी बदलेल. बाबांचा खिळा चुकीच्या जागी राहील. काढून टाकू?

औलिस : काढू नकोस. तो राहू दे. त्याच्या मागे दुसरा ठोक.